भूछत्राचे छायाचित्र : छंद आणि पुरावा

मृगाचा पाऊस सह्याद्रीवर स्थिरावला, म्हणजे वर्षभर ओसाड भासणारी रानातील जमीन आणि कुजकी खोडे अल्पावधीत नाना आकारांच्या भूछत्रांनी भरून जातात. खेड्यांतील जाणते लोक त्यांपैकी दोन-चार प्रकारांना अळंबी म्हणून ओळखतात आणि उरलेल्या सर्वांची 'कुत्र्याची छत्री' या एका नावाखाली बोळवण करतात. अलीकडे मात्र आणखी एक वर्ग या भूछत्रांच्या मागावर रानात हिंडताना दिसतो. हा वर्ग ती खुडून नेत नाही व खातही नाही. चिखलात कोपरे टेकून त्यांची छायाचित्रे घेतो. ताम्हिणी, आंबोली, भीमाशंकर, राधानगरी, तसेच गोमंतकातील मोले व म्हादई येथील रानांत आषाढ-श्रावणात असे छंदिष्ट हटकून भेटतात.

हा छंद निरुपद्रवी व आनंददायक आहे, हे वेगळे सांगावयास नको. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्याच प्रश्नाचा. अशा छायाचित्राचा कवकशास्त्राला काही उपयोग होतो काय? आणि होत नसल्यास तो कोणत्या उणिवेमुळे? प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आजवर शास्त्रीय नाव मिळालेल्या कवकांच्या जाती सुमारे दीड लाख भरतात. उलट पृथ्वीवरील एकूण जातींचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अंदाज २२ ते ३८ लाख इतका आहे. हे अंतर लक्षात घेता, सह्याद्रीत पावसाळाभर हिंडणाऱ्या छंदिष्टाच्या कॅमेऱ्यासमोर एखादी अनामिक जाती येणे मुळीच अशक्य नाही. तथापि ती आली होती, हे केवळ एका सुंदर छायाचित्रावरून पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही. छायाचित्र सुंदर कशाने होते आणि पुरावा कशाने होते, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कित्येकदा त्या परस्परविरोधीही असतात.

ज्याला व्यवहारात भूछत्र म्हणतात, ते संपूर्ण कवक नव्हे. कवकाचे खरे शरीर म्हणजे माती, पाचोळा किंवा लाकूड यांत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे होय. हे कवकजाल वर्षानुवर्षे दृष्टीआड राहते. ओलावा व तापमान अनुकूल होताच त्यावर फलकाय, म्हणजे बीजुके निर्माण करणारा अवयव, उगवतो. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तसे कवकाला भूछत्र. त्याचा इवलासा अंकुर आधीच तयार झालेला असतो. पाणी शोषून त्याच्या पेशी फुगतात आणि पाहणाऱ्याला ते एका रात्रीत उपजल्यासारखे वाटते. त्याचे आयुष्यही जातीनुसार फार वेगवेगळे असते. शेणावर उगवणाऱ्या काही नाजूक छत्र्या सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत स्वतःच विरघळून शाईसारखे काळे पाणी होतात. गॅनोडर्मासारखे लाकडावरील कठीण कवक मात्र महिनोन्‌महिने जागचे हलत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार नाजूक जातींसाठी पहाटे बाहेर पडतो आणि काष्ठासारख्या कवकांना परतीच्या वाटेवर भेटतो.

शोध घेताना जमिनीपेक्षा आधाराकडे, म्हणजे कवक ज्यावर वाढते त्या पदार्थाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. पडलेले खोड, उभ्या झाडाची जखम, गव्याचे शेण, बांबूची कुजकी मुळी, मेलेला कीटक, यांपैकी प्रत्येकावर वेगळी मंडळी वस्तीला असतात. कुजक्या काटक्यांवर पक्ष्याच्या घरट्याएवढी नव्हे, तर घरट्यातील अंड्याहूनही लहान अशी 'घरटी' आढळतात. पावसाचा टपोरा थेंब या वाटीत नेमका पडला की आतील अंड्यासारख्या बीजुककुप्या उसळून दूर फेकल्या जातात. हे कवक पाहण्यासाठी डोळा जमिनीपासून वीतभर अंतरावर आणावा लागतो. उभ्याने चालणाऱ्यास ते दिसणार नाही.

या सर्व आधारांत वारुळाचे स्थान विशेष आहे. महाराष्ट्र व गोमंतकात आवडीने खाल्ली जाणारी वारुळाची अळंबी टर्मिटोमायसीस या प्रजातीची असतात. हे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे एम यांनी १९४२ साली दिले. कवक पाळणाऱ्या वाळव्यांच्या भुयारी घरट्यात, कामकरी वाळवीने खाऊन टाकलेल्या पाचोळ्याचे व लाकडाचे स्पंजासारखे छिद्रमय पोळे असते. त्यावर हे कवक वाढते, लाकडातील पचावयास कठीण घटक मोडून काढते आणि वाळवी त्याच्या बारीक पांढऱ्या गाठी व जुने पोळे खाते. हा सहवास सुमारे तीन कोटी वर्षांचा मानला जातो. मानवाला मात्र या अळंब्यांची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. पावसाळ्यात पोळ्यातून मुळासारखा लांब दंड मातीतून वर चढतो आणि टोकदार माथ्याने जमीन फोडून छत्र उघडतो. जमिनीवर दिसणारा भाग बोटभर, तर खालचा दंड कित्येकदा हातभर असतो. अर्थात जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रात या अळंब्याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण येतच नाही. दंड पोळ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे एखादे अळंबे हलक्या हाताने खणूनच दाखवावे लागते.

छायाचित्रकाराला येणारी ही अडचण नवी नाही. कॅमेऱ्याऐवजी कुंचला हाती असलेल्यांनाही ती आली होती. पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांना तरुणपणी भूछत्रे रंगविण्याचा नाद होता. स्कॉटलंडमधील डंकेल्डच्या परिसरात त्या सुट्टीसाठी जात. तेथील टपालवाटप करणारे चार्ल्स मॅकिंटॉश हे रोज पायी दूरवर हिंडता हिंडता स्थानिक वनस्पती व कवके यांचे मोठे जाणकार झालेले होते. १८९२ मध्ये दोघांची भेट झाली. पॉटर यांची चित्रे हुबेहूब व देखणी होती; तथापि मॅकिंटॉश यांनी त्यांना सुचविले, की छत्राची खालची बाजू आणि उभा छेदही चित्रात दाखवावा, म्हणजे जाती ठरविता येईल. पुढे मॅकिंटॉश टपालाने नमुने धाडीत व पॉटर त्यांची चित्रे करून पाठवीत. या नादातूनच बीजुकांच्या अंकुरणाविषयीचा त्यांचा निबंध तयार झाला. तो १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. पण स्त्रियांना त्या सभेत प्रवेश नसल्याने लेखिका स्वतः तेथे उपस्थित राहू शकली नाही. निबंध पुढे मागे घेतला गेला व आज तो उपलब्ध नाही. चित्रे मात्र टिकली. १९६७ साली फिंडले या कवकशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधील कवकांवरील आपल्या पुस्तकात त्यांपैकी अनेक चित्रे जाती ओळखण्यासाठी वापरली. सत्तर वर्षांनंतरही ती उपयोगी पडली, याचे श्रेय रेखाटनाच्या कौशल्याइतकेच टपालवाल्याच्या त्या एका सूचनेलाही आहे.

आजच्या छंदिष्टास हीच सूचना लागू पडते. एका भूछत्राचे एक छायाचित्र ही कल्पना सोडून द्यावी लागते. एका भूछत्राची छायाचित्रमालिका घ्यावी लागते. पहिले छायाचित्र जसे दिसले तसे, काहीही न हलविता, आसपासच्या पाचोळ्यासह घ्यावयाचे. पुष्कळ छायाचित्रकार सुरुवातीसच भोवतीची पाने, काड्या व शेवाळ वेचून पार्श्वभूमी स्वच्छ करतात. चित्र त्यामुळे नेटके होते हे खरे. पण ते कवक पाचोळ्यावर होते, पुरलेल्या लाकडावर होते की मुळांशी जोडलेले होते, याचा पुरावा त्याच हातांनी दूर केला जातो. दुसरे छायाचित्र छत्राच्या पातळीवरून, दंड पूर्ण दिसेल असे. तिसरे खालच्या बाजूचे. येथे पट्टिका आहेत, छिद्रे आहेत की दात आहेत. पट्टिका असल्यास त्या दंडाला चिकटलेल्या आहेत, दंडावरून खाली उतरतात की दंडापासून अलग आहेत, हे दिसावयास हवे. छत्र न मोडता ही बाजू टिपण्याची एक सोपी युक्ती आहे : हातात मावणारा लहान आरसा छत्राखाली सरकवावा आणि त्यातील प्रतिबिंबाचे छायाचित्र घ्यावे. चौथे छायाचित्र बुंध्याचे. दंडावर वलय असल्यास ते आणि बुंध्याशी पिशवीसारखे आवरण असल्यास तेही त्यात आले पाहिजे. हे आवरण बहुधा मातीत दडलेले असते. भूछत्र वरच्या वर खुडून घेणाऱ्याच्या हाती ते येत नाही, आणि विषारी जाती ओळखण्याचे तेच एक मोठे चिन्ह असते. याशिवाय एका छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. नाणे ठेवण्याची प्रथा आहे, पण नाण्यांचे आकार बदलत राहतात.

प्रकाशाचा प्रश्न रानात कायमचा असतो. दाट झाडीखाली दुपारीही अंधारून आलेले असते आणि जो काही प्रकाश पोहोचतो तो पानांतून गाळून आल्यामुळे हिरवट असतो. पांढरे छत्र त्यामुळे चित्रात हिरवे उमटते. मालिकेच्या आरंभी एक पांढरा किंवा करडा कागद भूछत्राशेजारी ठेवून एक छायाचित्र घेतले, तर पुढे रंगाची ही चूक दुरुस्त करता येते. क्षणदीपाचा थेट झोत टाळणे श्रेयस्कर. त्याने छत्राचा ओलेपणा चकाकतो आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले, रोम व रेषा पुसल्या जातात. त्यापेक्षा ठेंगणी तिपाई किंवा वाळूची पिशवी यांवर कॅमेरा स्थिर ठेवून एक-दोन सेकंदांचे प्रकाशन द्यावे आणि सावलीच्या बाजूस पांढरा कागद धरून उजेड परतवावा. फुलांच्या छायाचित्रकाराला वारा जसा छळतो तसा तो येथे छळत नाही. मात्र केसासारख्या दंडावर उभ्या असलेल्या मायसेना किंवा मरॅस्मियस यांच्या जाती श्वासानेही डोलू लागतात. अगदी जवळून पाहताना भिंगाच्या केंद्रात जेमतेम काही मिलिमीटर खोली सामावते. म्हणून हल्ली निरनिराळ्या अंतरांवर केंद्रित केलेली दहा-वीस छायाचित्रे संगणकावर एकत्र करून एकच सर्वांगी स्पष्ट चित्र तयार करतात. ही रीत उपयुक्त आहे. एकत्रित चित्राबरोबर मूळ छायाचित्रेही जपून ठेवली म्हणजे झाले. साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही मालिका काटेकोरपणे घेतली, तर ती महागड्या भिंगातून घेतलेल्या एकुलत्या एका चित्रापेक्षा अभ्यासकाला अधिक सांगून जाते. जळवा आणि भिंगावर साचणारे बाष्प यांचा उपद्रव सोसण्याची तयारी मात्र हवी, आणि पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून घेण्याची सावधगिरीही. फुरसे पाचोळ्याच्याच रंगाचे असते.

इतके सारे करूनही काही लक्षणे कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राहतात. वास, चिवटपणा, मोडल्यावर पाझरणारा चीक ही त्यांपैकी काही होत. काही जातींचा गर कापताच मिनिटभरात निळा किंवा तांबडा होतो. तो बदल वेळेची नोंद ठेवून टिपावा लागतो. परंतु सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे बीजुकांचा रंग. स्वीडनचे एलिआस फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पट्टिकाधारी कवकांची विभागणी याच रंगाच्या आधारे केली होती. पट्टिकांच्या रंगावरून तो सांगता येत नाही, कारण कोवळ्या पट्टिका पुष्कळदा पांढऱ्या असतात आणि बीजुके निराळ्याच रंगाची निघतात. त्यासाठी ठसा घ्यावा लागतो. पूर्ण उमललेल्या छत्राचा दंड कापून ते छत्र अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पट्टिका खाली करून ठेवावे, वर पेला पालथा घालावा व रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदावर पट्टिकांचा किरणाकृती आराखडा बीजुकांच्या भुकटीने उमटलेला असतो. काळ्या कागदाचे प्रयोजन उघड आहे : पांढरी भुकटी पांढऱ्या कागदावर दिसत नाही.

या कागदाचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळ्यात गवताळ मैदानांत आणि बागांतील हिरवळीवर क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे मोठे, पांढरे, तपकिरी खवल्यांचे भूछत्र उगवते. उष्ण प्रदेशांत ते सर्वत्र सामान्य आहे. देखणे, मांसल आणि दंडावर वलय असलेले हे कवक खाद्य जातींशी इतके मिळतेजुळते दिसते, की वरून घेतलेल्या छायाचित्रात जाणकारही फसावा. ते खाल्ल्यास काही तासांतच तीव्र वांत्या व अतिसार सुरू होतात. त्याचा ठसा हिरवट उमटतो. वारुळाच्या अळंब्याचा ठसा फिकट गुलाबी असतो. ॲमानिटा प्रजातीचा पांढरा. तिन्ही छत्रे कोवळ्या अवस्थेत पांढरीच दिसतात. कागद त्यांना वेगळे करतो. मात्र ठसा गुलाबी आला म्हणून भूछत्र खाद्य ठरते, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा कोणताही एक नियम अस्तित्वात नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, कीटकांनी छत्र खाल्लेले असणे इत्यादी प्रचलित कसोट्या निखालस निराधार आहेत.

ॲमानिटा प्रजातीतील काही जातींचे विष विशेष घातक असते. युरोपातील ॲमानिटा फॅलॉइडीस हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण होय. या विषाने पेशीतील प्रथिननिर्मितीची साखळीच आरंभी तुटते. खाल्ल्यानंतर सहा तासांहून अधिक काळ, कधी दिवसभरही, काहीच जाणवत नाही. मग वांत्या-जुलाब होतात, त्यानंतर प्रकृती सुधारल्याचा भास होतो आणि तोवर यकृताचा नाश होत असतो. शिजविल्याने किंवा वाळविल्याने हे विष नाहीसे होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाल्ल्याने १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य चहामळ्यांतील कामगारांच्या कुटुंबांतील होते. अशा स्थितीत एखाद्याने छायाचित्र पुढे करून 'हे खाण्यास योग्य आहे काय' असे विचारल्यास, छंदिष्टाने व अभ्यासकानेही उत्तर देण्याचे नाकारणे हेच प्रामाणिकपणाचे होय. छायाचित्र पाहून जातीचे नाव सुचविणारी यंत्रेही आता खिशात आली आहेत. त्यांचा उपयोग शोधाची दिशा मिळण्यापुरता आहे. त्यांच्या शब्दावर चूल पेटवू नये.

कॅमेरा जसा कमी सांगतो, तसा तो कधी जास्तही सांगतो. स्वयंप्रकाशी कवकांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. भीमाशंकरसारख्या रानांत भर पावसाळ्यातील काळोख्या रात्री कुजणाऱ्या फांद्या मंद उजळलेल्या दिसतात. पुष्कळदा तेथे एकही छत्र नसते. लाकडात भिनलेले कवकजालच प्रकाशत असते. मायसेना क्लोरोफॉससारख्या जातींत छत्रही प्रकाशते. या प्रकाशाचे रसायन आता बरेचसे उलगडले आहे. तो ज्यापासून निघतो तो पदार्थ २०१५ साली ओळखला गेला आणि त्यासाठी लागणाऱ्या विकरांची जनुके २०१८ साली. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हिरवा, उष्णतारहित प्रकाश बाहेर पडतो. आता, अर्धे मिनिट ते काही मिनिटे प्रकाशन दिलेल्या छायाचित्रात हे लाकूड पाचूसारखे लखलखते. प्रत्यक्षात मात्र अंधाराला सरावलेल्या डोळ्यालाही केवळ राखट पांढरी आभा दिसते, कारण इतक्या क्षीण उजेडात मानवी डोळ्याला रंग कळत नाही. छायाचित्र खोटे असते असे नव्हे. परंतु प्रकाशनाचा काळ व कॅमेऱ्याची संवेदनक्षमता बरोबर नोंदविली नाही, तर ते पाहून रानात गेलेला मनुष्य निराश होऊन परततो, आणि दोन ठिकाणच्या प्रकाशाची तुलना करणे अभ्यासकाला अशक्य होते.

शेवटी नमुन्याचा प्रश्न येतो. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या छत्रधारी जातीला नाव देताना तिचा वाळविलेला नमुना मान्य संग्रहात ठेवावा लागतो. छायाचित्र कितीही उत्तम असले तरी ते नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके मोजावयाची असतात. शिवाय २०१२ पासून कवकांच्या ओळखीसाठी सर्वमान्य झालेला जनुकीय पट्टा वाचण्यासही ऊतक लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रह हे असे नमुने जतन करणारे महाराष्ट्रातील महत्त्वाचे ठिकाण आहे. तथापि अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्याने परवानगीवाचून काहीही उचलता येत नाही. तेथे छंदिष्टाने छायाचित्रांवर थांबावे आणि अभ्यासकाला जागा कळवावी. अन्यत्रही एका थव्यातील एक-दोन फलकाय पुरेसे असतात. ते उन्हात न वाळविता मंद उष्णतेच्या हवेत कडकडीत वाळवावेत, कागदी पाकिटात घालावेत आणि पाकिटावर व छायाचित्रांवर एकच क्रमांक लिहावा. वाळलेल्या नमुन्याचा रंग जातो, आकार आक्रसतो, वास उरत नाही. जे नमुना गमावतो ते मालिकेत शाबूत असते, आणि मालिकेला जे दाखविता येत नाही ते पाकिटात असते.

उरलेली छत्रे जागीच ठेवण्यास वारुळाच्या अळंब्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. नवे वारूळ वसविणारी राजा-राणीची जोडी कवक पाळणाऱ्या बहुतेक जातींत कवक बरोबर नेत नाही. पहिले कामकरी बाहेर पडतात आणि चाऱ्याबरोबर टर्मिटोमायसीसची बीजुके वेचून आणतात. बाजारात कळ्यांना अधिक भाव असल्याने अळंबी उमलण्यापूर्वीच खणून काढली जातात. त्यांची बीजुके पडतच नाहीत, आणि त्या आसपास बसणाऱ्या नव्या वारुळांना ती कोठून तरी मिळावयास हवी असतात. अळंबी गोळा करणारी कुटुंबे वारुळाची जागा सहसा शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. छायाचित्रकारानेही तोच रिवाज पाळावा. अचूक स्थान, दिनांक आणि आधीच्या आठवड्याचा पाऊस संग्रहाच्या वहीत लिहावा. लोकांसमोर ठेवावयाच्या चित्राखाली तालुक्याचे नाव पुरे. त्याच वारुळावर दरवर्षी पहिले छत्र कोणत्या दिवशी उघडले, याची दहा पावसाळ्यांची नोंद ज्याच्याजवळ असेल, त्याच्या वहीत असे काही आढळेल जे कोणत्याही एका नमुन्यावरून काढता येत नाही.